लेझर एनग्रेव्हिंग: आधी मशीन की आधी मटेरियल?

ओंजळ

नमस्कार मंडळी. मुलुंडला वन बीएचके, त्यात मी, नवरा, सासूबाई आणि एक मांजर. गेली काही वर्षं दारावरच्या पाट्या, कोस्टर, किचेन आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायच्या छोट्या वस्तू यांच्या ऑर्डरी घेते. डिझाइन माझं, पण लेझर मारून घेते एका ट्रॉफीवाल्याकडून. सीझनला तो आपली कामं आधी उरकतो आणि माझ्या पाट्या मागे पडतात. त्यामुळे आता घरीच मशीन घ्यावं असं डोक्यात आहे.

जालावर बघितलं तर ५ वॅट, १० वॅट, ४० वॅट, ८० वॅट... किमतींना काही ताळतंत्र नाही. विक्रेत्यांना विचारलं की एकच उत्तर, "मॅडम, सगळ्यावर चालतं." लाकूड, ॲक्रिलिक, काच, चामडं, स्टील, खरंच सगळ्यावर एकच मशीन चालतं का? जाणकारांनी उजेड पाडावा. (लेझरचा नको, साधा चालेल.)

सुतारपक्षी

"सगळ्यावर चालतं" म्हणणाऱ्याला एवढंच सांगायचं, पारदर्शक ॲक्रिलिकचा तुकडा आणलाय, यावर मारून दाखवा. निळ्या डायोडचं मशीन असेल तर विषय तिथेच संपतो.

लेझरच्या बाबतीत नुसत्या ताकदीवर काही ठरत नाही. प्रकाशाची तरंगलांबी किती आणि समोरचा पदार्थ तो प्रकाश शोषतो की नाही, यावर सगळा खेळ. शोषला तर तापणार, तापला तर खूण उमटणार. शोषलाच नाही तर वॅट वाढवून उपयोग शून्य.

बाजारात ढोबळमानाने तीन जाती दिसतील. डायोड, म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश. मशीन टेबलावर मावतं, किंमत आवाक्यातली. लाकूड, एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड), बांबू, कॉर्क, पुठ्ठा, चामडं, गडद ॲक्रिलिक, पावडर कोटिंगच्या बाटल्या, ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम एवढ्यांवर छान चालतो. काच आणि पारदर्शक ॲक्रिलिकमधून तो सरळ आरपार जातो आणि खालचं टेबल भाजतो. दुसरा सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा, १०.६ मायक्रॉनचा, डोळ्यांना न दिसणारा. लाकूड, चामडं, कापड, काच, दगड सगळं घेतो आणि ॲक्रिलिक तर लोण्यासारखं कापतो. उघडा धातू मात्र त्याला भीक घालत नाही, प्रकाश परत फेकतो. तिसरा फायबर, १०६४ नॅनोमीटर, हाही अदृश्य. धातूसाठी हाच. लाकडाच्या कामाला तो घेऊ नका.

आता वॅटची गंमत. जाहिरातीत मोठ्या अक्षरात "४० वॅट" असतं, पण तो आकडा पुष्कळदा मॉड्यूल किती वीज खातं त्याचा असतो. लेझर म्हणून बाहेर पडणारा प्रकाश जेमतेम ५ वॅट. डायोडच्या मशीनवर "ऑप्टिकल आउटपुट किती?" एवढंच विचारा. एक डायोड साधारण ५-६ वॅट देतो. १० वॅटच्या हेडमध्ये दोन डायोडचे किरण एकत्र आणलेले असतात, २० वॅटच्या हेडमध्ये चार. खरा १० वॅटचा डायोड ३ मिमी प्लाय एक-दोन फेऱ्यांत कापतो, आणि कोरायला तर तो भरपूर झाला.

तुमच्या यादीत पाट्या, कोस्टर, किचेन आहे आणि घर वन बीएचके आहे. माझ्या मते १० वॅटचा डायोड, तोही पेटीबंद असलेला. बाकी ज्याची त्याची आवड आणि ज्याचं त्याचं बजेट.

खारा_वारा

सुतारपक्ष्यांशी निम्मा सहमत. कोस्टर-किचेनसाठी डायोड ठीक. पण मुंबईत पाट्यांचं काम करायचं आणि ॲक्रिलिक घ्यायचं नाही, हे कसं जमणार? गिऱ्हाईक येतं तेच "बॅकलाइट पाहिजे, गोल्डन अक्षरं पाहिजेत" म्हणत. त्याला सीओटूच लागतो. माझं भांडुपला छोटं युनिट आहे, निम्म्याहून जास्त काम ॲक्रिलिकचं.

आणि ॲक्रिलिक घेताना दुकानात कास्ट की एक्स्ट्रुडेड ते विचारून घ्या. दिसायला दोन्ही सारखेच. कास्टवर कोरलं की पांढरंशुभ्र, दहिवर पडल्यासारखं उमटतं. एक्स्ट्रुडेडवर कोरलेलं पाण्यासारखं पारदर्शक राहतं, लांबून दिसतच नाही. कापायला मात्र एक्स्ट्रुडेड बरा, कडा चकचकीत येते. दुकानदाराला ठाऊक नसेल तर कोपऱ्यातला तुकडा मागून घ्या आणि मारून बघा, दोन मिनिटांत कळतं.

सुतारपक्षी

@खारा_वारा, पटतंय. पण सीओटू म्हणजे काचेची नळी, हाय व्होल्टेज, पाण्याचं कूलिंग, व्यवस्थित अर्थिंग आणि एक्झॉस्टचा जाड पाइप. हे सगळं मुलुंडच्या हॉलमध्ये? सासूबाई आणि मांजर, दोघी घर सोडतील. ॲक्रिलिकचं काम बाहेरून करून घ्यायचं, लाकडाचं घरी. तेवढ्याने ट्रॉफीवाल्यावरचं अवलंबन निम्मं होईल.

पितळी_डबा

धातूबद्दल मी लिहितो. आमचं तांबाकाट्याच्या बाजूला भांड्यांचं दुकान, आजोबांपासून. भांडं घेतलं की त्यावर नाव घालून देणं हा आमच्याकडे रिवाजच. पूर्वी एक काका कंपन करणाऱ्या विजेच्या पेनाने ठिपक्या-ठिपक्यांनी "चि. सौ. कां. हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामा-मामींकडून सप्रेम भेट" असं डब्याच्या बुडावर लिहून द्यायचे. अक्षर असं की छापल्यासारखं. आता फायबर लेझर आहे. काम झटपट होतं, पण बुडावर अजूनही लोकांना नाव हवंच असतं, हे बघून बरं वाटतं.

स्टीलवर दोन तऱ्हा. एक खोल कोरायचं, दुसरी वरून तापवून काळी खूण आणायची. काळी खूण सुंदर दिसते, बोटाला लागत नाही. पण स्टील गंजत नाही ते त्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि जास्त तापवलं की तोच थर बिघडतो. मग रोज घासल्या जाणाऱ्या डब्यावर बरोब्बर नावाच्या अक्षरांत तांबूस गंज धरतो. म्हणून वेग वाढवून, कमी तापवून मारायचं, आणि हलक्या दर्जाच्या स्टीलवर काळ्या खुणेच्या फंदात पडायचं नाही.

पितळ चांगलं कोरलं जातं. तांबं हट्टी, प्रकाश बराचसा परत फेकतं. चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूंना, समई असो की करंडा, हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं की मुलामा जाऊन आतलं पितळ दिसणार.

आणि ओंजळताई, डायोडवाल्यांनी उघड्या स्टीलची स्वप्नं बघू नयेत. मार्किंगचा स्प्रे मारून त्यावर लेझर फिरवला की काळी खूण धरते, हे खरं, पण स्प्रे महाग आणि पुसापुशी फार. त्यापेक्षा पावडर कोटिंगच्या रंगीत बाटल्या घ्या. वरचा रंग जळून खालचं स्टील चमकतं, आणि वाणाला बाटली म्हणजे बायका खूश.

ठोकळा

वाचनखूण साठवली. एक शंका, घरात जुन्या सनबोर्डचे तुकडे बरेच पडलेत. कापायला सोपे दिसतात. सुरुवातीला सरावाला ते वापरले तर?

परीक्षानळी

नाही, नाही आणि नाही. बरं झालं विचारलंत.

आपल्याकडे साइनबोर्डवाले ज्याला सनबोर्ड म्हणतात तो बहुतेक वेळा फोम केलेला पीव्हीसी असतो. पीव्हीसीत क्लोरीन असतं. लेझरने जाळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हवेतल्या ओलाव्याशी त्याची गाठ पडली की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार, आणि मुंबईत ओलाव्याला काय तोटा? घसा, डोळे, फुप्फुसं तर गेलीच, शिवाय मशीनचे रूळ, बेअरिंग, स्क्रू हेही गंजून जातात. फ्लेक्स, विनाइल स्टिकर, स्वस्तातलं रेक्झिन, बाथरूमचे प्लास्टिक दरवाजे, हे सगळं याच घराण्यातलं.

रेक्झिनची गोम अशी की काही पीव्हीसीचं असतं, काही पीयूचं (पॉलियुरेथेनचं). हाताला फरक कळत नाही आणि दुकानदार दोन्हींना "लेदराइट" म्हणतो. शंका असेल तर तांब्याच्या तारेची जुनी परीक्षा करा. इन्सुलेशन पूर्ण काढलेली तांब्याची तार पक्कडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, आधीची हिरवी झाक निघून गेली पाहिजे. मग ती गरम तार त्या प्लास्टिकला किंचित टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, मटेरियल बाहेर. हे गच्चीत किंवा उघड्यावर करा, कणभर नमुना घ्या आणि धुरात तोंड घालू नका. या परीक्षेतून टेफ्लॉन निसटतं बरं का, फ्लोरिनला ज्योत हिरवी होत नाही. त्यामुळे नॉनस्टिकच्या वाटेला कोणत्याही परिस्थितीत जाऊ नका.

बाकी एबीएस वितळून चिकट काळा धूर करतं, पॉलिकार्बोनेट कापायला गेलं की पिवळं-काळं पडतं, फायबरग्लास आणि कार्बन फायबर घरी अजिबात नकोत. चामड्यात क्रोमने कमावलेलं टाळावं, जाळल्यावर क्रोमियमची घातक संयुगं निघू शकतात. झाडाच्या साली-हिरड्यांनी कमावलेलं घ्यावं. कोल्हापुरी चपलेचं चामडं तसंच कमावलेलं असतं. धारावीत चामडं घ्यायला गेलात तर "व्हेज टॅन" एवढंच म्हणा, त्यांना कळतं.

एमडीएफ सगळे बिनधास्त जाळतात, पण त्यातला भुसा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने बांधलेला असतो. बंद खोलीत तासन्‌तास तो धूर घेणं शहाणपणाचं नाही.

ओंजळ

बापरे. माझ्याकडे डायरीच्या कव्हरांसाठी घेतलेलं रेक्झिन आहे, ते आधी तारेला दाखवते.

धुराचं काय करायचं? आमच्याकडे बाथरूमच्या बाजूला बिल्डिंगची डक्ट आहे, तिकडे पाइप सोडला तर चालेल का?

खारा_वारा

डक्टमध्ये अजिबात सोडू नका. तो धूर वरच्या चार मजल्यांच्या बाथरूममधून आत शिरेल आणि पुढच्या मीटिंगला विषयपत्रिकेवर पहिला विषय तुम्हीच. मोकळ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर सोडा. खिडकीच्या एका झडपेच्या मापाचा प्लायचा तुकडा कापून त्यात पाइपचं भोक पाडायचं, काम झालं की तुकडा काढून ठेवायचा. लोहार चाळीत इनलाइन पंखा आणि ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप दोन्ही मिळतात. पाइपला वळणं कमी ठेवा, प्रत्येक वळणाला ओढ कमी होते.

पंखा मशीनच्या जवळ न लावता खिडकीच्या टोकाला लावा. म्हणजे पाइपला कुठे फट असली तरी हवा आत ओढली जाते, धूर बाहेर गळत नाही.

बिनधास्त_बोरिवली

एवढं काय घाबरवता त्यांना! मी उघड्या फ्रेमवालं मशीन वापरतो, गॉगल लावत नाही, नजर थेट ठिपक्यावर नाही ठेवली की झालं. आजवर काही झालेलं नाही.

परीक्षानळी

@बिनधास्त_बोरिवली, डोळ्यांची वाट लागल्याचं डोळ्यांना लगेच कळत नाही, हाच घोळ आहे. अशी उघडी मशीनं क्लास ४ ची, म्हणजे लेझरच्या धोक्याच्या सगळ्यात वरच्या वर्गातली. या वर्गात थेट किरण तर धोक्याचाच, पण पृष्ठभागावरून विखुरलेला प्रकाशही डोळ्याला इजा करू शकतो. त्यातून खाली एखादा चकचकीत स्क्रू किंवा स्टीलची पट्टी आली तर किरण कुठे उडेल सांगता येत नाही.

निळा प्रकाश आणि १०६४ नॅनोमीटरचा फायबर, दोन्ही थेट रेटिनापर्यंत पोचतात. फायबर दिसतही नाही, त्यामुळे पापणी मिटायची प्रतिक्षिप्त क्रियाही होत नाही. सीओटू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात शोषला जातो, म्हणजे तो पडदा भाजतो. तिन्हींचे गॉगल वेगळे. डायोडसोबत येणारी नारिंगी काच फायबरसमोर अगदी कुचकामी. गॉगलवर तरंगलांबी आणि ओडी (काच किती प्रकाश अडवते त्याचा आकडा) छापलेलं असतं. ओडी ४ म्हणजे दहा हजारातला एक भाग आत येतो, ओडी ५ म्हणजे लाखातला एक. दोन्ही आकडे छापलेले नसतील तर तो फॅन्सी ड्रेसचा चष्मा समजा.

सुतारपक्षी

+१. आणि घरात मांजर आहे. मांजराला हलणारा निळा ठिपका दिसला की ते झडप घालणारच. म्हणून मी सुरुवातीलाच पेटीबंद म्हटलं होतं. पेटीचं झाकण उघडलं की लेझर आपोआप बंद व्हायला हवा, तेवढं बघून घ्या.

आगीचंही आताच सांगतो. कापताना मशीन सोडून दाराची बेल वाजली म्हणून जायचं नाही. आधी पॉज, मग दार. हाताशी अग्निशामक ठेवा. सीओटू गॅसचा असेल तर बरं, पावडरचा मारला तर आग विझते पण मशीनमध्ये सगळीकडे पावडर बसते.

ओंजळ

मशीन आलं! पेटीबंद, १० वॅट ऑप्टिकल. (रेक्झिनची ज्योत हिरवीगार. गठ्ठा परत केला.)

सुतारपक्ष्यांनी व्यनिमध्ये (खासगी निरोपात) सांगितल्याप्रमाणे आधी टेस्ट ग्रिड मारला. एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला पॉवर, मध्ये छोटे छोटे चौकोन. पाइनच्या फळीवर काय दिसलं ते सांगते. एकाच चौकोनात लाकडाच्या मऊ रेषा खोल जळल्या आणि मधल्या कडक रेषा उंचवट्यासारख्या तशाच राहिल्या. बोट फिरवलं की खरखरीत लागतं. सागाच्या तुकड्यावर खूण एकसारखी आली, पण कडेला तेलकट पिवळट डाग. एमडीएफवर सगळ्यात स्वच्छ, तपकिरी, अगदी छापील. बांबूच्या कोस्टरवर पेराच्या जागी रंग एकदम गडद झाला.

पण खरा प्रॉब्लेम पुढे आहे. मराठी अक्षरं! नावाची पाटी मारली तर जिथे अक्षराला अक्षर जुळतं, तिथे शिरोरेषेवर न कोरलेले बारीक पांढरे चौकोन राहिले. आणि सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्या जागी. इंग्रजी मात्र झकास येतं. काय करावं?

मुद्राराक्षसाचा_भाचा

माझ्या विषयावर आलात. डीटीपीत आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिलं, लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप करायच्या भरीस पडू नका. इंकस्केपमध्ये करा, ते फुकट आहे आणि युनिकोड देवनागरी नीट जोडतं. फॉन्ट जरा जाड घ्या. मुक्ता आणि बालू हे दोन्ही मुंबईच्याच एक टाइपने केलेले, मुक्त परवान्याचे, धंद्यात वापरायला मोकळे. जुन्या श्रीलिपीच्या फायली असतील तर ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच अक्षरांचे आकार करून घ्या, दुसऱ्या संगणकावर नुसती गिचमिड दिसेल.

आता ते पांढरे चौकोन. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते, फट दिसू नये म्हणून. कागदावर छापताना काळ्यावर काळं, कोणाला कळत नाही. लेझरचं सॉफ्टवेअर मात्र भरताना हिशेब करतं, एका आकाराच्या आत म्हणजे भरायचं, दोन आकार एकमेकांवर आले म्हणजे ते भोक. म्हणून नेमकी जोडावरची जागा कोरी राहते. उपाय सोपा. मजकूर आधी पाथमध्ये बदला, गट सोडवा, सगळं निवडून युनियन करा. लाइटबर्न या लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये यालाच वेल्ड म्हणतात. मग एसव्हीजी फाइल करून लेझरला द्या. वेलांटी, रफार, काना जिथे जिथे चढतात ते सगळं एकजीव होतं.

दुसरं, अक्षरं कापून पाटीवर चिकटवणार असाल तर देवनागरीसारखी सोयीची लिपी नाही. इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं, ओळीत लावताना घाम फुटतो. आपलं नाव शिरोरेषेला लटकून अखंड एका तुकड्यात निघतं. फक्त शिरोरेषा पुरेशी जाड हवी, कारण ग, ण, श यांचे दोन भाग तेवढ्यावरच तोललेले असतात, चिकटवताना तिथेच मोडतात. आणि अनुस्वार सुटा पडतो! सावंत, शिंदे, कांबळे यांच्या पाट्या करताना टिंब जाळीतून खाली जातं आणि "सावत" दाराला लागतं. मी टिंब किंचित खाली ओढून शिरोरेषेला चिकटवतो. शुद्धलेखनवाले नाक मुरडतात, मुरडोत.

तिसरं, ल आणि श. गिऱ्हाईक पाटी बघून "हे हिंदी वाटतंय" म्हणालं तर तो दोष या दोन अक्षरांचा असतो. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की मराठी वळणाचे ल-श येतात. ते जमत नसेल तर टिरो देवनागरीची मराठी आवृत्ती घ्या, त्यात मुळातच मराठी वळण आहे. पण त्याच्या बारीक रेषा लहान आकारात लाकडावर जळून जातात, मोठ्या पाटीलाच वापरा.

ओंजळ

काका, साष्टांग नमस्कार. युनियन केलं आणि चौकोन गायब. "श" पण आता आपला वाटतोय.

ठोकळा

अवांतर: सीओटू लेझर शोधणारे कुमार पटेल हे जन्माने बारामतीचे, आणि शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. पुढे अमेरिकेत बेल लॅब्समध्ये असताना १९६४ साली त्यांनी हा लेझर केला. म्हणजे पहिला लेझर पेटला १९६० साली आणि चार वर्षांत हा. ॲक्रिलिकच्या पाट्या कापणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

खारा_वारा

@ठोकळा, निदान मला नव्हतं. युनिटमध्ये सांगतो आज.

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून सीओटूवाल्यांसाठी एक. उन्हाळ्यात चिलर १८-२० अंशांवर ठेवायची सवय असते. जुलैत मुंबईत हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड पाणी नळीतून फिरलं की नळीवर बाहेरून दव धरतं, आणि हाय व्होल्टेजच्या टोकाशी ओल म्हणजे ठिणगी. त्या दिवसांत चिलर २५-२६ वर ठेवा. नळीला एवढं गरम पाणी आवडत नाही हे खरं, म्हणून पूर्ण पॉवरवर तासन्‌तास चालवू नका.

डायोडवाल्यांना हा ताप नाही, पण एमडीएफ आणि प्लाय दमट हवेत ओल धरतात. मे महिन्यात एका फेरीत कापलं जाणारं शीट ऑगस्टमध्ये अर्धवट कापतं आणि कोपरे वर उचलतात. कोपरा उचलला की फोकस गेला. शीट आडवी, वजनाखाली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. बेडवर लोहचुंबकांनी दाबून धरा.

बिनधास्त_बोरिवली

गॉगल मागवला, बास? आता कामाचं बोलतो. ओंजळताई, जालावरची सेटिंगं उतरवताना एकक बघा. कोणी मिमी प्रति सेकंद लिहितं, कोणी प्रति मिनिट. १०० मिमी सेकंदाला म्हणजे ६००० मिनिटाला. ६००० च्या जागी १०० टाकलं तर फळीची शेगडी होते. आणि कोरताना रेषांमधलं अंतर ०.१ मिमी ठेवा, म्हणजे २५४ डीपीआय. त्याहून बारीक केलं तर वेळ वाढतो, डिटेल वाढत नाही, कारण ठिपकाच साधारण तेवढा असतो.

एअर असिस्ट (किरणाच्या जागी सोडलेला हवेचा झोत) कापताना जोरात, कोरताना अगदी हळू. आणि तुमचे ते सागावरचे पिवळे डाग, कोरण्याआधी मास्किंग टेप लावा, धूर टेपवर बसेल. टेप कागदाचीच घ्या, विनाइलची नको, नाहीतर परीक्षानळी ओरडतील.

परीक्षानळी

ओरडणारच.

सुतारपक्षी

पाट्यांसाठी लाकूड हवं असेल तर रे रोडच्या लाकूडबाजारात एकदा चक्कर मारा. मोठ्या कामातून उरलेले तुकडे किलोवर मिळतात, तुमच्या पाटीला तेवढे पुरे. प्लाय घेताना मात्र वॉटरप्रूफच्या मोहात पडू नका. त्यातला फिनॉलिक डिंक लेझरला दाद देत नाही, मध्येच काळा होऊन कापणं थांबतं. दारावर लावायच्या पाटीला साधा इंटिरियर प्लाय आणि वरून चांगलं पॉलिश पुरतं.

नारळाची करवंटी करून बघा. घासून गुळगुळीत केली की त्यावर काळंभोर आणि रेखीव उमटतं. गोलाई असल्यामुळे डिझाइन लहान ठेवा, फोकस थोड्याच उंचीपुरता टिकतो. कोणी पोळपाटावर नाव मागितलं तर मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला कोरलं की त्यात कणीक बसते आणि शिव्या तुम्हाला.

ओंजळ

करवंटीची कल्पना भारीच. सासूबाई आज सकाळपासून करवंट्या साठवतायत.

काल पांढऱ्या सिरॅमिक टाइलवर केलं. टायटॅनियम डायॉक्साइड असलेला पांढरा स्प्रे पातळ मारला, पूर्ण सुकू दिला, लेझर फिरवला, मग थिनरने रंग पुसला. रंग गेला आणि खाली ग्लेझवर काळं चित्र उरलं. घासणीने घासलं, नखाने खरवडलं, हलत नाही. गणपतीच्या चित्राच्या टाइलची पहिली ऑर्डर शेजारच्या विंगमधूनच आली.

आता पुढची शंका. वाणासाठी पावडर कोटिंगच्या बाटल्यांना रोटरी (गोल वस्तू लेझरखाली फिरवणारं जोडयंत्र) लागेल ना? रोलरची घेऊ की चकची? आणि त्यावर तांब्या चालेल का? एका बाईंना छोटे पंचरंगी तांबे हवेत, पावडर कोट केलेले.

पितळी_डबा

सरळ बाटलीला रोलरची रोटरी पुरते, स्वस्तही आहे. पण तांब्या रोलरवर ठेवलात तर पोट मोठं, गळा लहान, तो फिरता फिरता एका बाजूला सरकत जाणार आणि अक्षरं तिरकी. तांब्याला चकचीच घ्या, तोंडातून आत पकडणारी आणि तिरकी करता येणारी. पोटाचा जो भाग कोरायचा तो लेझरखाली आडवा आला पाहिजे. नाव पोटाच्या सगळ्यात फुगीर भागावर, एकाच ओळीत आणि छोटं ठेवा. दोन ओळी केल्या तर खालची फोकसबाहेर जाते.

तांबे आमच्याकडून घ्या असं म्हणत नाही, पण कोटिंगवाल्याला जाड थर देऊ नको म्हणावं. जाड थर दोन फेऱ्या मागतो आणि दुसऱ्या फेरीत कडा पिवळ्या पडतात. एक जास्तीचा तांब्या आधी मागवून त्याच्या बुडावर टेस्ट ग्रिड मारा, मगच बाईंना तारीख द्या.